भाराची चालती वाटणी : समांतर गणनेतील गतिक भारसंतुलनाचा विचार

१

महाभारताच्या अठरा पर्वांचे संपादन अठरा विद्वानांवर सोपवावयाचे आहे, असे क्षणभर समजू. प्रत्येकाकडे एकेक पर्व दिले की वाटणी समसमान झाली, असे वरवर पाहता वाटेल. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीत शांतिपर्वाचे ३५३ अध्याय आहेत आणि महाप्रस्थानिकपर्वाचे केवळ ३. महाप्रस्थानिकाचा संपादक थोड्याच दिवसांत हातावेगळे करून मोकळा होईल. शांतिपर्वाच्या संपादकास वर्षे लागतील, आणि तोवर ग्रंथ पुरा झाला असे म्हणता येणार नाही. पर्वांऐवजी अध्याय मोजून वाटे पाडले तर हा दोष बराच कमी होईल. पण तो सर्वस्वी जाणार नाही. एखाद्या अध्यायात साऱ्या पोथ्या जवळजवळ एकमुखाने बोलतात, तर दुसऱ्यात श्लोकागणिक पाठभेद उभे राहतात. कोणता अध्याय किती वेळ घेणार, हे पोथ्या उलगडून काम आरंभिल्याखेरीज नेमके कळत नाही.

ही अडचण केवळ ग्रंथसंपादनाची नाही. एखादे प्रचंड गणित अनेक यंत्रांनी एकाच वेळी मिळून सोडवावयाचे, म्हणजेच समांतर संख्यात्मक गणना करावयाची, तेथे ती पदोपदी आडवी येते. गणित सुरू करण्यापूर्वी एकदाच केलेली आणि शेवटपर्यंत न बदलणारी वाटणी ही स्थितिक वाटणी होय. गणित चालू असतानाच कोणाच्या वाट्यास किती भार आला आहे हे पाहून वाटणी पुनःपुन्हा बदलत राहणे, यास गतिक भारसंतुलन म्हणतात.

या प्रश्नाचे गांभीर्य एका साध्या हिशेबावरून ध्यानात येईल. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने १९९१ मध्ये सिद्ध केलेल्या ‘परम ८०००’ या महासंगणकात ६४ प्रक्रियक, म्हणजे रूढ शब्दात प्रोसेसर, होते. तोच आकडा घेऊ. ६४ पैकी ६३ प्रक्रियकांस आपापले काम करण्यास १० मिनिटे लागतात आणि एकास २०. एकूण काम ६५० मिनिटांचे झाले. ते नीट वाटले गेले असते तर सव्वादहा मिनिटांच्या आतच संपले असते. प्रत्यक्षात २० मिनिटे लागतात, कारण पुढील टप्प्याचा आरंभ सर्वांचे आकडे हाती आल्यावाचून करता येत नाही. म्हणजे एका मागे राहिलेल्या घटकापायी जवळजवळ अर्धे यंत्र नुसते वाट पाहत बसले. आणखी दहापट प्रक्रियक आणले, पण तो एक वाटा तसाच अभंग राहिला, तर वीस मिनिटे ती वीसच. सामूहिक गणनेचा वेग सरासरीने ठरत नाही. तो सर्वांच्या मागे राहिलेल्याने ठरतो.

२

या विषयाचे पहिले स्पष्ट चित्र विद्युत्संगणक जन्मास येण्यापूर्वी रेखाटले गेले, ही गोष्ट विशेष होय. ब्रिटिश गणिती लुइस फ्राय रिचर्डसन याने १९२२ मध्ये केंब्रिज येथून हवामानाच्या संख्यात्मक भाकिताविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रिचर्डसन क्वेकर पंथाचा आणि युद्धविरोधी होता. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेच्या पथकात सेवा करीत होता, आणि त्याच काळात त्याने २० मे १९१० या दिवसाचे मध्य युरोपातील हवामान निव्वळ समीकरणे सोडवून मागाहून ‘वर्तविण्याचा’ प्रयोग केला. सहा तासांतील बदल काढावयास त्याला सुमारे सहा आठवडे लागले, आणि उत्तर साफ चुकले: हवेचा दाब १४५ मिलिबारांनी चढेल असे गणित म्हणाले, प्रत्यक्षात तो जवळजवळ बदललाच नव्हता. आरंभीच्या निरीक्षणांत दाब आणि वारे यांचा मेळ नव्हता, हे या चुकीचे मूळ पुढे उलगडले. मात्र पद्धत खोटी नव्हती. १९५० मध्ये चार्नी, फ्यॉर्टॉफ्ट आणि फॉन नॉयमन यांनी ‘एनियाक’ या संगणकावर हवामानाचे पहिले यंत्रगणित केले; तेव्हा चोवीस तासांचे भाकीत काढण्यास सुमारे चोवीस तासच खर्ची पडले. येथे जे पणास लागलेले असते ते हेच: वादळ येऊन गेल्यावर हाती पडलेले भाकीत कितीही अचूक असले तरी त्याचा उपयोग शून्य.

हे ओळखूनच रिचर्डसनने आपल्या ग्रंथात एक कल्पना मांडली. नाट्यगृहासारखे एक विशाल वर्तुळाकार सभागृह. त्याच्या भिंतींवर पृथ्वीचा नकाशा. छताशी उत्तर ध्रुव, तळाशी अंटार्क्टिका. आणि त्या त्या प्रदेशाच्या जागी बसलेले गणक. हे गणक म्हणजे माणसेच. आपल्याकडे ‘गणक’ हा शब्द ग्रहगणित करणाऱ्या ज्योतिष्यासाठी प्राचीन काळापासून रूढ आहे, आणि इंग्रजीतही आज यंत्रास असलेले नाव त्या काळी हिशेबनिसास होते. प्रत्येक गणकाजवळ एक लहानशी प्रकाशित पाटी. तिच्यावरील आकडा शेजाऱ्याने वाचावा आणि आपले गणित पुढे न्यावे. सभागृहाच्या मध्यभागी उंच स्तंभावर एक प्रमुख उभा. वाद्यवृंदाच्या संचालकाप्रमाणे त्याने साऱ्यांची लय सांभाळावयाची. जो प्रदेश इतरांच्या पुढे धावत असेल त्यावर त्याने गुलाबी प्रकाशझोत टाकावा. जो मागे पडला असेल त्यावर निळा.

हे दोन दिवे म्हणजे भारसंतुलनाचे पहिले सूत्र होत. कोण पुढे आहे आणि कोण मागे, हे सतत मोजले पाहिजे, हे त्यांत आले आहे. परंतु दिवा केवळ सूचना देतो. मागे पडलेल्या गणकाने हात अधिक वेगाने चालवावा, पुढे गेलेल्याने दमाने घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ. निळ्या प्रकाशात बसलेल्याच्या पुढ्यातील कागद उचलून गुलाबी प्रकाशात बसलेल्याकडे न्यावेत, ही पुढची पायरी रिचर्डसनच्या सभागृहात नाही. गतिक भारसंतुलनाचा पुढील इतिहास म्हणजे या कागद उचलून नेण्याच्या रीतींचा इतिहास होय.

रिचर्डसनच्या हिशेबातील आणखी एक तपशील भारतीय वाचकास विचार करावयास लावील. पृथ्वीवर २०० किलोमीटरांचे चौरस पाडले असता ३,२०० स्तंभ होतात, असे त्याने काढले. परंतु उष्ण कटिबंधातील हवामान पुष्कळदा आधीच ठाऊक असते असे म्हणून त्याने प्रत्यक्ष गणितासाठी २,००० स्तंभच धरले. दर स्तंभास ३२ गणक, म्हणून ६४,००० माणसे. जो प्रदेश त्याने हलका म्हणून हिशेबातून वगळला, त्यातच मोसमी पावसाचे देश येतात. आणि आजच्या प्रतिमानांत गणनेचा भार सर्वांत अनपेक्षितपणे उसळतो तो बहुधा याच पट्ट्यातील मेघांमुळे. भार कोठे आहे याविषयीची पूर्वकल्पना किती फसवी असू शकते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

३

आधुनिक प्रतिमानात वातावरणाचे असेच उभे स्तंभ पाडून ते प्रक्रियकांत वाटतात. २०२४ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत ‘अर्क’ आणि नॉयडा येथील राष्ट्रीय केंद्रात ‘अरुणिका’ हे महासंगणक कार्यान्वित झाले. त्यांपैकी ‘अर्क’ची क्षमता ११.७७ पेटाफ्लॉप आहे. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदास एकावर पंधरा शून्ये इतक्या क्रिया. २०२५ मध्ये भारताने सुमारे ६ किलोमीटर जाळीचे जागतिक प्रतिमान अंगीकारले. पृथ्वीचे क्षेत्रफळ ५१ कोटी चौरस किलोमीटर धरले तर अशा जाळीत ढोबळ मानाने १ कोटी ४० लाख स्तंभ होतात. ते प्रत्येक प्रक्रियकास सारख्या संख्येने देणे मुळीच अवघड नाही. अवघड आहे ते त्यांचे श्रम सारखे करणे, कारण सारख्या क्षेत्रफळाचे श्रम सारखे नसतात. या विषमतेचे दोन प्रकार असून ते वेगळे ओळखणे आवश्यक आहे.

पहिला प्रकार सूर्याचा. वातावरणातून येणाऱ्या सूर्यप्रकाशाचे गणित फार खर्चिक असते, आणि ते जेथे दिवस आहे तेथेच करावे लागते. कोणत्याही क्षणी अर्धी पृथ्वी अंधारात असल्यामुळे त्या भागाचे प्रक्रियक या टप्प्यात रिकामे राहतात, आणि हा रिकामेपणा सूर्याबरोबर पश्चिमेकडे सरकत जातो. परंतु ही विषमता पंचांगासारखी आहे. ती आधी सांगता येते. म्हणून तिच्यावरील उपायही साधा आहे. प्रत्येक स्तंभाची जोडी पृथ्वीच्या नेमक्या विरुद्ध बाजूच्या स्तंभाशी लावावी. पुण्याचा जोडीदार पॅसिफिक महासागरात, सुमारे १८.५ अंश दक्षिण अक्षांश आणि १०६ अंश पश्चिम रेखांश यांवर येतो. पुण्यात दिवस असेल तेव्हा तेथे रात्र, तेथे दिवस असेल तेव्हा पुण्यात रात्र. दोन्ही स्तंभ एकाच प्रक्रियकाकडे दिले की त्याच्या वाट्यास नेहमी एकच दिवस आणि एकच रात्र येते. येथे वाटणी एकदाच करून भागते.

दुसरा प्रकार मेघांचा. जेथे उंच गडगडाटी ढग उभे राहतात तेथे बाष्प, थेंब, हिमकण आणि ऊर्ध्वगामी प्रवाह यांची समीकरणे जागी होतात. निरभ्र स्तंभात ती जवळजवळ निजलेली असतात. मोसमी वाऱ्यांच्या काळात बंगालच्या उपसागरावर एखादे न्यूनदाबाचे क्षेत्र तयार झाले की त्याखालील प्रक्रियकांचे काम वाढते, आणि ते क्षेत्र ओडिशावरून मध्य भारताकडे सरकू लागले की हा भारही त्याबरोबर एका प्रक्रियकावरून दुसऱ्यावर सरकतो. तो कोठे जाईल हे आधी ठाऊक असते तर हवामानाचे गणित करण्याचे प्रयोजनच उरले नसते. ज्या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, त्या उत्तरावरच श्रमांची वाटणी अवलंबून आहे. गतिक संतुलनाची खरी गरज येथे उत्पन्न होते.

४

भार हलविण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांतील मुख्य चार पाहू.

पहिली रीत सामाईक राशीची. सारे काम एका ढिगात ठेवावे आणि ज्याचा हात मोकळा होईल त्याने त्यातून उचलावे. येथे एक पेच आहे. उचल मोठी असेल तर शेवटी एखादाच दीर्घकाळ राबत राहतो. उचल लहान असेल तर ढिगापाशी गर्दी होते. पॉलिक्रोनोपूलोस आणि कुक यांनी १९८७ मध्ये यातून मार्ग काढला. जितके काम उरले असेल त्यास कामकऱ्यांच्या संख्येने भागून येईल तेवढी उचल द्यावी. हजार कामे आणि चार प्रक्रियक असतील तर पहिली उचल २५०, दुसरी १८८, तिसरी १४१, चौथी १०६. आरंभी मोठे घास, शेवटी कण. म्हणून सर्वांचे हात जवळजवळ एकाच वेळी रिकामे होतात.

दुसऱ्या रीतीस इंग्रजीत ‘काम चोरणे’ अशा अर्थाचे नाव आहे. येथे मध्यवर्ती ढीग नाही. प्रत्येकाजवळ स्वतःची रांग आहे. ज्याची रांग संपली तो यदृच्छेने दुसऱ्या कोणाची निवड करतो आणि त्याच्या रांगेच्या विरुद्ध टोकाकडून काम काढून घेतो. तेथे जुनी, बहुधा मोठी कामे पडलेली असतात, त्यामुळे वारंवार जावे लागत नाही. ब्लूमॉफ आणि लायसरसन यांनी १९९४ मध्ये या रीतीची गणिती चिकित्सा करून ती किफायतशीर असल्याचे दाखविले. तिचे मर्म असे की शोध घेण्याचा त्रास रिकाम्याने सोसावयाचा. जो आधीच कामात बुडालेला आहे त्याला मदतनीस शोधण्याच्या कामाला लावावयाचे नाही. मराठीत या क्रियेस ‘चोरी’ म्हणावे की ‘हातभार’, हा प्रश्न परिभाषाकारांनी विचारात घेण्याजोगा आहे.

तिसरी रीत विसरणाची. जॉर्ज सायबेंको याने १९८९ मध्ये तिचे विवेचन केले. तापलेल्या सळईतील उष्णता जशी शेजारच्या थंड भागाकडे वाहते, तसा प्रत्येक प्रक्रियक आपला भार फक्त शेजाऱ्यांच्या भाराशी ताडून पाहतो आणि अंतराचा काही अंश त्यांच्याकडे सरकवितो. कोणासही समग्र चित्र ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. तरीही हळूहळू सर्वत्र समपातळी येते. दोष एवढाच की भार दूर पोचावयास फार फेरे लागतात.

चौथी रीत सूत्राची, आणि ती सर्वांत सुंदर म्हणावी लागेल. डाव्हिड हिल्बर्ट याने १८९१ मध्ये एक असा वक्र वर्णिला की जो चौरसाच्या प्रत्येक बिंदूतून जातो. जाळीपुरत्या मर्यादित रूपात तो सर्व चौकटींतून एकेकदा जाणारा अखंड दोरा होतो. नकाशातील सर्व चौकटी मण्यांप्रमाणे या दोऱ्यात ओवाव्या, प्रत्येक मण्यास त्याच्या श्रमांइतके वजन द्यावे, आणि सारख्या वजनाचे तुकडे पडतील अशा जागी दोरा कापावा. दोऱ्यावर जवळ असलेले मणी नकाशावरही जवळच असतात, म्हणून शेजाऱ्यांतील देवघेव वाढत नाही. ढग सरकला की वजने बदलतात आणि कापण्याच्या जागा थोड्या पुढेमागे होतात; माळ पुन्हा ओवावी लागत नाही.

या सर्वांच्या मुळाशी एक पूर्वअट आहे: काम हलविता येईल इतके सुटे असले पाहिजे. इलिनॉय विद्यापीठातील लक्ष्मीकांत काळे आणि त्यांचे सहकारी यांनी ‘चार्म++’ या प्रणालीत हेच तत्त्व पायाभूत मानले. प्रक्रियकांच्या संख्येहून कितीतरी अधिक तुकडे पाडावयाचे, प्रत्येकास किती वेळ लागला हे यंत्राने चालता चालता मोजावयाचे, आणि मग तुकडे जागेवरून हलवावयाचे. नुकताच जितका भार होता तितकाच पुढील थोडा काळ राहील, असे येथे गृहीत धरतात. उद्याचे हवामान आजच्यासारखेच असेल हे हवामानशास्त्रातील सर्वांत जुने आणि साधे भाकीत. भारसंतुलनाचे काम बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.

५

आतापर्यंतच्या विवेचनावरून, जितके अधिक संतुलन तितके चांगले, असा समज होण्याचा संभव आहे. तो दूर करावयास हवा. भार मोजण्यास वेळ लागतो, नवी वाटणी ठरविण्यास वेळ लागतो, आणि आकडे एका स्मृतीतून दुसरीत नेण्यास त्याहून अधिक लागतो. वाट पाहण्यात जाणाऱ्या वेळेपेक्षा हलविण्यात जाणारा वेळ जास्त असेल, तर थोडी विषमता सोसणेच शहाणपणाचे. म्हणून प्रत्येक पावलास वाटणी बदलत नाहीत. विषमता साचत साचत हलविण्याच्या खर्चाइतकी झाली की मगच बदलतात.

दुसरी किंमत अधिक सूक्ष्म आहे आणि पाठचिकित्सेच्या अभ्यासकांस ती विशेष जवळची वाटेल. संगणक ठराविक अंकांपर्यंतच संख्या साठवितो, त्यामुळे बेरजेचा क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. चारच अंक ठेवणाऱ्या यंत्रावर १००० मध्ये ०.४ मिळविले तर उत्तर पुन्हा १०००. त्यात आणखी ०.४ मिळविले तरी १०००. परंतु आधी दोन ०.४ एकत्र करून ०.८ केले आणि मग १००० मध्ये मिळविले, तर उत्तर १००१. गतिक वाटणीत कोणाचा आकडा आधी येईल हे त्या त्या वेळच्या भारावर ठरते. म्हणून तेच गणित तेच आकडे देऊन दुसऱ्यांदा केले असता शेवटचे अंक वेगळे येऊ शकतात. एडवर्ड लोरेन्झ याने १९६१ मध्ये ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ घालून आपले गणित पुन्हा चालविले, तेव्हा पुढचे हवामान हळूहळू सर्वस्वी निराळे झाले. त्यावरील त्याचा प्रसिद्ध निबंध १९६३ चा. अशा व्यवस्थेत शेवटच्या अंकातील पाठभेदही दुर्लक्षणीय राहत नाही. एकाच प्रतीच्या दोन नकला जुळेनाशा झाल्या, तर चूक गणितात आहे की वाटणीत, हे ओळखणे दुर्घट होते. यावर उपाय आहेत: काम कोणीही करो, बेरजेचा क्रम पूर्वीच नेमून ठेवणे, किंवा आंशिक बेरजा हातचा एकही अंक न गमावता अधिक रुंद कोठ्यांत साठविणे. पण त्यांनाही वेळ द्यावा लागतो. वेग आणि पुनःप्रत्यय यांतील ही देवघेव प्रत्येक प्रतिमानकारास स्वतः ठरवावी लागते.

६

शेवटी संज्ञेविषयी. ‘संतुलन’ म्हटले की तराजू डोळ्यांपुढे येतो: दोन पारडी, मध्ये काटा, आणि काटा स्थिर झाला की व्यवहार संपला. स्थितिक वाटणीस ही प्रतिमा शोभते. गतिक वाटणीस आपल्याकडील कावड अधिक जवळची आहे. कावडीची दोन्ही टोके घरून निघताना सारखी केलेली असली तरी वाटेत चढ लागतो, पाणी हिंदकळते, आणि वाहणारा चालता चालताच दांडी किंचित पुढेमागे सरकवितो. तो थांबून तोलू लागला तर पोचणार नाही. मुळीच तोलले नाही तर पाणी पोचणार नाही.

रिचर्डसनच्या सभागृहातील स्तंभावर आज कोणी उभे नाही. चौसष्ट हजार गणकांच्या जागी आलेली यंत्रे स्वतःचा वेळ स्वतः मोजतात, आणि जो मोकळा झाला तो दुसऱ्याचा भार उचलावयास जातो. त्याने कल्पिलेले दोन्ही दिवे मात्र विझलेले नाहीत; ते प्रत्येक गणकाच्या पाटीवर आले आहेत. सारखे क्षेत्र म्हणजे सारखे श्रम नव्हेत, आणि आज खरी असलेली वाटणी ढग सरकताच खोटी होते, या दोन गोष्टी ज्याने ध्यानात घेतल्या त्याला या विषयाचे सार कळले असे म्हणावयास हरकत नाही.